जोर आणि उणं

आमच्या दुकानात लोक रेकॉर्ड विकत घ्यायला येत आणि तारबाबू त्यांना त्या घेऊ देत नसत. आता दुकानदार असल्या माणसाला पायरी चढू देईल का? मी देत होतो. इतकंच नाही, दर रविवारी दुपारी त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवत होतो.

गोष्ट मंगरूळपीरची, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता आणि अकोला फार लांब होतं. वडिलांनी सुरू केलेलं दुकान माझ्याकडे आलेलं होतं. रेडिओ, घड्याळं, बॅटऱ्या, आणि भिंतीला लागून रेकॉर्डची मांडणी. आम्ही जैन माणसं, दुकानात बसणं रक्तातच. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माल हलला की गाणं चांगलं, एवढंच माझं संगीतशास्त्र.

तारबाबूंचं नाव संपत तायडे. मूळचे इंझोरीचे, बौद्ध. पोस्टातल्या तारयंत्रावर बसायचे. उंच, वाळलेले, कानांच्या पाळ्या मोठ्या. उजव्या हाताची दोन बोटं तारेच्या खटक्यावर असावीत तशी कायम मांडीवर वाजत असत, कट्ट कड कट्ट. बोलताना वाजत, गप्प बसले की जास्तच वाजत. खिशात ऑफिसातली जांभळी पेन्सिल असायची, ओली केली की उठते आणि मग खोडता येत नाही ती. लिहिण्याआधी ती जिभेला लावायची सवय, त्यामुळे जीभ नेहमी जांभळी. गावातली पोरं म्हणायची, तारबाबू जांभळं खाऊन येतात.

नवी रेकॉर्ड आली की ते दोन्ही बाजू ऐकत. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून, समोरच्या घड्याळांकडे बघत. मग रेकॉर्डच्या खाकी पाकिटावर मधोमध उभी रेघ मारत. डावीकडे लिहीत ‘जोर’, उजवीकडे ‘उणं’. खाली दोन-तीन ओळी, शेवटी सही. झालं. तारेत जसे शब्द मोजून घालतात तसंच लिहिणं. कधी चुकून काही लिहिलं गेलं तर खोडत नसत. खाली ‘दुरुस्ती’ असं लिहून पुन्हा सही करत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “शेठ, तारेवर आलेलं खोडाचं नसते. चुकलं तं चुकलं म्हनून खाली सांगाचं.”

पहिल्यांदा मला राग आला होता. आसेगावचा एक लाउडस्पीकरवाला लग्नसराईसाठी कव्वालीची रेकॉर्ड घ्यायला आला. नाव मोठं, खप मोठा. त्यानं पाकीट उलटून बघितलं तर उण्यात लिहिलेलं: ‘दुसऱ्या बाजूला टाळ्या जास्त, गाणं कमी. तबला उतरलेला.’ तो माणूस तारबाबूंना म्हणाला, “टाळ्याच तं पायजेत ना लोकायले!” हे म्हणाले, “घेऊन जा. पन टाळ्या इतक्या जोरात काहून हायेत ते आयकजा. तबला लपवून राह्यले ते.” गडी हट्टानं घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आला, तो तोंड वाकडं करून. एकदा ऐकल्यापासून त्याला त्या टाळ्यांच्या खालचा तबलाच ऐकू येत होता म्हणे, रेकॉर्ड लावावीशीच वाटेना. माझ्या ध्यानात आलं, की या माणसानं एकदा दाखवलेलं उणं पुन्हा झाकता येत नाही.

मग खेड्यापाड्यांतून लोक विचारत येऊ लागले, “तारबाबूची चिठ्ठी काय म्हनते?” गायन पार्ट्या, जयंतीची मंडळं, लग्नाचे स्पीकरवाले, सगळे. त्यांनी बरं म्हटलेली रेकॉर्ड मी दुप्पट मागवायचो. उगाच का स्टूल पुसत होतो?

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती टाळून पुढे जाणं खोटं होईल. आमच्या दुकानातला चहा मागच्या दारानं घरातून येई. तारबाबू आले की वडिलांच्या वेळच्या रिवाजानं तो समोरच्या हॉटेलातून येई. मी रिवाज मोडला नव्हता. मला वाटे, त्यांच्या लक्षात येत नसेल. उतरलेला तबला ज्याला ऐकू येतो त्याला हे दिसत नसेल, असं मला वाटे! ते काही बोलले नाहीत. फक्त दर वेळी म्हणत, “चहा आत्ताच झाला, शेठ.”

त्यांच्याबरोबर कधीकधी त्यांचा धाकटा भाऊ रतन यायचा. पंधरा वर्षांनी लहान. माय गेली तेव्हा तो रांगत होता, तारबाबूंनीच वाढवलेला. तिशीतला, गोल चेहऱ्याचा, हसरा. जिनिंग फॅक्टरीत कापूस ओढायच्या कामावर होता, त्यामुळे हंगामात भुवयांवर, कानांच्या केसांत रुईची पांढरी झाक असायची. रविवारी धुऊन-पुसून आला तरी कुठेतरी एक तंतू राहायचाच. पण गडी गायला लागला की माणसं जेवण टाकून येत. त्याची पाच जणांची गायन पार्टी होती. भीमगीतं गात, मधेमधे ढोलकीवर सवाल-जवाबासारखं बोलत. जिनिंगमधून सुटायचं आणि गाण्यावर जगायचं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

त्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ अमेरिकेतून बहिणीच्या लग्नाला आला आणि जाताना पाच मोठ्या तबकड्या आमच्याकडे टाकून गेला. गळ्यापर्यंत केस वाढवलेल्या माणसांची चित्रं होती त्यांच्यावर. एका रविवारी मी गंमत म्हणून त्या लावल्या. दोघं भाऊ बसलेले. मला वाटलं होतं, तारबाबू कानांवर हात ठेवतील.

पहिली गोऱ्या पोरांची होती. विजेची गिटार, तिचं लांबच लांब रडणं. तारबाबूंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि पेन्सिल जिभेला लावली. ‘जोर: गिटारवाला तयारीचा. ढोलवाला त्याच्या मागे नाही, बरोबर चालतो. उणं: गाणाऱ्याचं दुःख उसनं.’ मी म्हटलं, “आणि ती गिटार इतकी लांबवतो, ते?” म्हणाले, “सांगाचं तं केव्हाचं सरलं. पन उठून नाई राह्यला पाव्हना.”

दुसरीत गाणं नव्हतंच. दोन-तीन काळे गडी ढोलावर नुसतं बोलत होते, भराभरा, दात-ओठ खात. मी विचारलं, “हे गाणं आहे का भांडण?” पण तारबाबू ताठ बसले होते आणि त्यांची बोटं मांडीवर त्या बोलण्याबरोबर वाजत होती. रतन तर उभाच राहिला. “दादा, आपल्या पार्टीत आपन मधात बोलतो, तसंच हाय ना हे!”

“तसंच हाय. पन याईचा शब्द ढोलाच्या आंधी पोचून राह्यला. तुमचा मांगून पोचते.”

“आनि उणं?”

“पयल्यापासून आखरीवरी एकाच पट्टीत राग. मानूस इतका वेळ रागावते का? मधात थकते तो. ते थकनं याईनं गाळून टाकलं.”

तिसरी एका म्हाताऱ्या काळ्या गवयाची. एका बाजूला तो एकटाच, दुसऱ्या बाजूला त्याच्यामागे तरुण पोरांचा ताफा. चौथ्या गाण्यात ओळ संपता संपता त्याचा दम तुटला. शेवटचा शब्द आलाच नाही, नुसती हवा गेली. मला वाटलं, रेकॉर्डच खराब. तारबाबूंनी हात वर केला. “शेठ, सुई मांगं घ्या.” तीनदा सुई मागे घ्यायला लावली. मग ‘जोर’च्या खाली लिहिलं: ‘चौथं गाणं. दम तुटतो. तिथंच गाणं आहे.’

रतन म्हणाला, “पन शब्द तं म्हटलाच नाई त्यानं, दादा.”

“म्हनूनच आयकू आला.”

ही ओळ मी आयुष्यात विसरणार नाही. पुढे जे झालं त्यामुळे तर नाहीच.

त्याच साली दिवाळीच्या आधी रतनची स्वतःची रेकॉर्ड निघाली. मुंबईच्या एका कंपनीच्या एजंटानं त्याला कुठल्याशा जयंतीत ऐकलं आणि चार गाणी भरून घेतली. लहान तबकडी, दोन्ही बाजूंना दोन-दोन. एजंटानं साफ सांगितलं होतं, की आपल्या भागातल्या मंडळांनी ही उचलली तर मोठी तबकडी काढू, वर्षभराचे कार्यक्रम लावून देऊ. म्हणजे रतनची जिनिंग सुटणार. आणि मंडळं उचलणार की नाही, हे पाकिटावर काय लिहिलं जातं त्यावर होतं.

त्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. इंझोरीची माणसं, आसेगावची माणसं, एजंट, आणि कोपऱ्यात नवा सदरा घालून रतन. तारबाबू आले, स्टुलावर बसले. बोटं वाजत होती. आणि तेवढ्यात मी बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं. गर्दी बघून अंगात आलं होतं, दुसरं काही नाही. मी म्हटलं, “तारबाबू, आजवर लोकांची उणी काढली. बघू आता, दिव्याखाली अंधार आहे का उजेड!”

सगळे हसले. रतनही हसला. तारबाबूंची बोटं मात्र थांबली.

मी रेकॉर्ड लावली. पहिली दोन गाणी अशी, की आसेगावचा तो लाउडस्पीकरवालासुद्धा मान डोलवत होता. बाजू पालटली. तिसरं गाणं रतननं स्वतः रचलेलं, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाणाऱ्या मायवर. त्याच्या दुसऱ्या कडव्यात एक लांब ओळ होती. ती चढत गेली, चढत गेली, आणि शेवटच्या शब्दाला रतनचा दम तुटला. शब्द अर्धाच आला. कोरसवाल्यांनी घाईनं पुढची ओळ उचलून ते झाकलं. माझ्या तर कानावरून गेलंही असतं, पण मी तारबाबूंकडे बघत होतो.

चौथं गाणं संपलं. त्यांनी सुई मागे घ्या म्हटलं नाही. पाकीट मांडीवर घेतलं, रेघ मारली, लिहिलं. मला वाचायला सांगितलं. मी मोठ्यानं वाचलं: ‘जोर: आवाज खरा. शब्द साफ. उणं: तिसऱ्या गाण्यात दम अपुरा. मेहनत कमी. मोठ्या तबकडीची घाई नको. सं. तायडे.’

एजंट घड्याळ बघायला लागला.

रतन पुढे आला. “दादा, मेहनत कमी नाई झाली. रोज दोन-दोन घंटे बसलो मी.”

“मंग दम काहून तुटते?”

“मले नाई समजत. पयले नोयता तुटत.”

“मेहनत वाढव.”

रतननं ते पाकीट हातात घेतलं. वाचलं. मग अगदी हळू म्हणाला, “त्या काया म्हाताऱ्याचा दम तुटला तं तू जोरात लिवलं. माया उण्यात काहून, दादा?”

तारबाबूंनी पेन्सिल खिशात ठेवली. “तो म्हतारा हाय. त्याच्यापाशी दुसरं काई उरलंच नाई. तू तीस वर्षांचा हायेस. तुले तुटाले कारन नाई.”

झालं ते एवढंच. लोक पांगले. मंडळांनी दोन-चार प्रती घेतल्या, तोंडदेखल्या. बाकीचा गठ्ठा माझ्या मांडणीवर पडून राहिला. कापसाचा हंगाम तोंडावर होता, रतन जिनिंगला परत गेला.

त्या संध्याकाळी तारबाबू दुकान बंद होईपर्यंत बसून होते. मी म्हटलं, “थोडं सैल लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले, “शेठ, तुमी सैल लिवलं तं लोक म्हनतीन, चूक झाली. मी लिवलं तं म्हनतीन, पाहा, आपल्या मानसाले वर ओढून राह्यला, याईचं असंच असते. ऑफिसात बारा वर्ष झाले, एक चुकीचा शब्द लिवला नाई मी. आमच्यावर डोये असतात.” मग म्हणाले, “भाऊ होता म्हनून दुप्पट बारीक आयकलं.”

मी मान हलवली. माझं ते हसण्यावारी बोललेलं वाक्य त्या डोळ्यांपैकीच एक होतं, हे मला कळत होतं. तरी मी त्याचा उच्चार केला नाही.

हंगाम संपता संपता रतन खोकायला लागला. जिनिंगमध्ये कोण खोकत नाही? गूळ खा, हळद घे, असं चाललं. उन्हाळ्यात त्याच्या रुमालावर रक्त आलं तेव्हा त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि तारबाबूंना विचारलं, दम लागतो हे कधीपासून आहे? वर्षभर तरी झालं असेल, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? हे मला तारबाबूंनी स्वतः सांगितलं, दुकानाच्या पायरीवर उभं राहून. आत आले नाहीत. म्हणाले, “लक्षात आलं होतं, शेठ. सही करून लिवून देलं होतं मी.”

ज्या माणसाला टाळ्यांच्या खालचा तबला ऐकू येत होता त्याला भावाच्या छातीतली रुई ऐकू आली होती. सगळ्यांच्या आधी, डॉक्टरच्याही आधी. आणि त्यानं तिला आळस म्हटलं होतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर सांगितलं नसतं. भाद्रपदातली दुपार. रतन अजून अकोल्याच्या दवाखान्यातच होता. बॅटऱ्यांचा माल मागवायची तार करायला मी पोस्टात गेलो होतो, खिडकीशी उभा होतो. आत यंत्र वाजायला लागलं. तारबाबूंनी कागद ओढला, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहायला लागले. तारेत आधी पत्ता येतो. त्यांनी पत्त्याच्या जागी काहीतरी लिहिलं आणि त्यांचा हात थांबला, एका अक्षरापुरताच. यंत्र थांबत नाही. ते पुढे लिहीत राहिले. शेवटी त्यांनी खटका दाबून पोच दिली, वेळ घातली, सही केली. मग तो कागद घडी करून तारा वाटणाऱ्या शिपायाला दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला. खुंटीवरची टोपी घेतली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमची तार दुसरा बाबू घेईन, शेठ. रतन गेला.”

रतन गेल्याची बातमी फुटली आणि माझ्या मांडणीवरचा गठ्ठा आठ दिवसांत संपला. ज्या मंडळांनी तोंडदेखली एक घेतली होती त्यांनी आता पाच-पाच नेल्या. तिसरं गाणं चौकाचौकांत वाजायला लागलं. त्या तुटलेल्या शब्दाला बाया डोळ्यांना पदर लावत. एजंट विचारत आला, आणखी काही भरलेलं आहे का म्हणून. काही नव्हतं. तारबाबूंची सही असलेलं पाकीट तेवढं मी मागे काढून ठेवलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तारबाबू दुकानात येईनासे झाले. रविवारी मी स्टूल पुसत राहिलो, मग तेही सुटलं. लोक विचारत, चिठ्ठी काय म्हणते? मी म्हणायचो, चिठ्ठी बंद झाली. पोस्टात मात्र त्यांचं काम अचूक चालू होतं. एक चुकीचा शब्द नाही.

दीड-दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. हातात पत्र्याची पेटी. केस सगळे पांढरे. मी घाईनं स्टूल पुसलं. आत आवाज दिला आणि घरातून चहा मागवला, आमच्या कपबशीत. दोन वर्षं हे मनात घोळत होतं माझ्या. कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “आत्ताच झाला, शेठ.”

मग म्हणाले, “ते हाय का तुमच्यापाशी?”

मी पाकीट काढलं. रेकॉर्ड लावली, थेट दुसरी बाजू. त्यांनी तिसरं गाणं ऐकलं, डोळे उघडे ठेवून, घड्याळांकडे बघत. ती लांब ओळ चढत गेली आणि तुटली. त्यांनी हात वर केला. मी सुई मागे घेतली. पुन्हा हात वर केला. मी पुन्हा मागे घेतली. तीनदा.

पेन्सिल जिभेला लावून त्यांनी जुन्या सहीच्या खाली लिहिलं. जुनं एक अक्षर खोडलं नाही. तारीख घातली, सही केली, पाकीट माझ्या हातात दिलं आणि पेटी उचलली. मी वाचलं: ‘दुरुस्ती. उणं गाण्यात नाही, ऐकणाऱ्यात.’

मी धावत स्टँडवर गेलो. एसटी भरत होती. ते मागच्या खिडकीशी बसले होते, पेटी मांडीवर, हात पेटीवर. दोन बोटं नुसती पडून होती. इतक्या वर्षांत ती बोटं स्थिर मी फक्त दोनदा पाहिली: त्या रविवारी मी ते वाक्य बोललो तेव्हा, आणि आता. मला सांगायचं होतं, की तारबाबू, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला डिवचलं ते मी. त्या दुरुस्तीखाली माझीही सही पाहिजे. मी खिडकीला हात लावला. ते म्हणाले, “जा शेठ, दुकान उघडं हाय तुमचं.”

आणि मी गेलो.